रिकाम्या पोटांचे गणित

आजच्या व्याख्यानाचा विषय ‘खुल्या आणि खोल समुद्रातील अन्नजाळ्यांची गणिती प्रतिमाने’ असा जाहीर झाला आहे आणि समीकरणांपर्यंत मी नक्की येणार आहे. त्याआधी मात्र मला पोटाविषयी बोलायचे आहे; माझ्या नव्हे, माशाच्या. पोटातल्या अन्नाचा हिशेब आपण चुकीचा लावतो, ही तक्रार गेली अनेक वर्षे मी सहकाऱ्यांना ऐकवीत आले असल्यामुळे आता ते मला पाहताच दुसऱ्या दाराने निघून जातात. आपण आपणहून आलेले आहात आणि या सभागृहाला, माझ्या सुदैवाने, एकच दार आहे.

अन्नजाळे म्हणजे कोण कोणाला खातो याचा आराखडा. त्याचे प्रतिमान, म्हणजे गणितातली प्रतिकृती, करायचे तर प्रथम एक सारणी मांडावी लागते. आडव्या ओळींत भक्ष्ये, उभ्या स्तंभांत भक्षक आणि प्रत्येक चौकटीत त्या भक्षकाच्या आहारात त्या भक्ष्याचा वाटा किती, हा आकडा. प्रत्येक स्तंभाची बेरीज एक. पुढचे सारे गणित, मग ते कितीही देखणे असो, या सारणीवर उभे असते. परिषदांमध्ये मात्र समीकरणांवर तास-तास वाद रंगतात आणि सारणी परिशिष्टात, बारीक टाइपात, कोणी न वाचलेली पडून राहते.

उमेदवारीच्या काळात मी दोन वर्षे ही सारणी भरण्याचे काम केले. रात्री पृष्ठभागाजवळ आलेल्या लँटर्नफिशचे नमुने फॉर्मॅलिनच्या बरण्यांत भरून आमच्याकडे येत. बोटभर लांबीचा मासा, त्याचे नखाएवढे जठर. ते सूक्ष्मदर्शकाखाली उघडायचे आणि आतला ऐवज ओळखून, मोजून तक्त्यात लिहायचा. कोपेपॉड या सूक्ष्म कवचधारी प्राण्याचे पाय मिळत, झिंग्यासारख्या क्रिलचे काळे डोळे मिळत, क्वचित एखाद्या चिमुकल्या माशाच्या कानातला खडा मिळे, आणि उरलेले बहुतेक सगळे राखाडी लगद्यासारखे काहीतरी असे. त्याच्यासाठी तक्त्याच्या तळाशी एक ओळ होती: ‘अनोळखी’. ती ओळ इतकी फुगत गेली की मी घाबरून वरिष्ठांकडे गेले. त्यांनी मान वर न करता सांगितले, ‘जे ओळखता आले आहे, त्याच्याच प्रमाणात वाटून टाका.’ मी आज्ञाधारकपणे वाटून टाकले. ओळखलेल्या भागात कोपेपॉड निम्मे असतील, तर लगद्याचाही निम्मा भाग कोपेपॉड ठरला. तक्ता स्वच्छ दिसू लागला, सर्व स्तंभांच्या बेरजा एक आल्या आणि मला शाबासकी मिळाली.

त्या वरिष्ठांवर माझा राग नाही, कारण ही वाटणी तेव्हा सर्रास होत असे आणि आजही होते. माझा आक्षेप तिच्यात दडलेल्या गृहीतकाला आहे. ओळख पटणे न पटणे हा निव्वळ योगायोगाचा भाग असता, तर प्रमाणात वाटणी चालून गेली असती. पण कोपेपॉडला कायटिनचे कवच असते आणि ते पचायला वेळ लागतो. उलट जेलीफिश, सायफोनोफोर, कॉम्ब जेली, साल्प या जेलीसारख्या मऊ प्राण्यांच्या शरीरात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. जठरात हे प्राणी पाहता पाहता नाहीसे होतात, आणि त्यांच्यातले नाजूक प्रकार जठरातून वाचलेच तर फॉर्मॅलिनमध्ये विरून जातात. म्हणजे ज्याची ओळख पटण्याची शक्यता सर्वांत कमी, नेमक्या त्याच्याच वाट्याचे अन्न आपण कवचधाऱ्यांच्या खात्यावर जमा करतो, आणि मग ‘जेलीला फारसे कोणी खात नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतो.

आता जठर पूर्ण रिकामे निघाले तर? तेही पुष्कळदा निघते. खोलातून ट्रॉल जाळे वर ओढताना दाब झपाट्याने कमी होतो, वाताशय, म्हणजे माशाच्या पोटातली वायूची पिशवी, फुगतो आणि मासा खाल्लेले ओकून टाकतो. कधी कधी तर जठरच उलटे होऊन तोंडाशी येते. याच्या विरुद्ध प्रकारही घडतो. जाळ्याच्या टोकाच्या पिशवीत शेकडो प्राणी दाटीवाटीने कोंबले गेल्यावर काही मासे तिथेच शेजाऱ्याचा घास घेतात, आणि निसर्गात ज्यांची कधी गाठही पडली नसती अशा दोघांचे नाते आपल्या सारणीत कायमचे नोंदले जाते. पोट उघडताना हा घास समुद्रातला की जाळ्यातला, एवढा साधा प्रश्नही अनेकदा विचारला जात नाही.

दुसऱ्या टोकाला स्पर्म व्हेल आहे. माल्कम क्लार्क या ब्रिटिश संशोधकाने या व्हेलच्या जठरांतील स्क्विडच्या चोचींचा आयुष्यभर अभ्यास केला. चोच कायटिनची, पोपटाच्या चोचीसारखी. तिच्यावरून स्क्विडचा गट ओळखता येतो आणि त्याच्या वजनाचा अंदाजही बांधता येतो. जाळ्यांना कधीच न सापडणारे खोल समुद्रातले स्क्विड आपल्याला माहीत झाले, त्यातला मोठा वाटा व्हेलच्या पोटाचा आहे. माणसाने बनवलेल्या कोणत्याही जाळ्यापेक्षा स्पर्म व्हेल हे अधिक चांगले नमुना-संकलन यंत्र आहे, असे मी म्हणते तेव्हा जाळी बनवणारे रागावतात. मात्र चोची पचत नाहीत, त्या दिवसेंदिवस साचत राहतात आणि मांस लवकर संपते. त्यामुळे इथे चूक उलट्या दिशेची होते आणि स्क्विडचा वाटा फुगून दिसतो.

या सगळ्यावर एक साधा उतारा होता आणि तो म्हणजे समुद्रात जाऊन पाहणे. कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरात दूरनियंत्रित यानांनी घेतलेल्या २७ वर्षांच्या चित्रफिती तपासून तिथल्या संशोधकांनी प्रत्यक्ष खाण्याचे ७४३ प्रसंग वेचून काढले आणि २०१७ साली प्रसिद्ध केले. त्यांतून भक्षक-भक्ष्याच्या २४२ वेगवेगळ्या जोड्या हाती लागल्या. सत्तावीस वर्षांत ७४३ घास, म्हणजे महिन्याला दोन-तीन! चित्रफिती पाहत बसणाऱ्यांच्या चिकाटीपुढे मी हात जोडते. त्यांना जे दिसले त्याने मात्र माझी जुनी ‘अनोळखी’ ओळ एकदम बोलू लागली. जेलीसारखे प्राणी तिथे काठावरचे पाहुणे नव्हते. सोलमिसस नावाची, ताटलीच्या आकाराची मेड्युसा, म्हणजे एक जेलीफिश, मोठे मासे आणि स्क्विड यांच्या तोडीचा भक्षक ठरली. तिच्या आहारात मुख्यतः इतर जेली होत्या.

जेलीने फसवण्याची ही पहिली वेळ नव्हे, म्हणून थोडे विषयांतर करते. १९४२ साली पाणबुड्यांच्या शोधासाठी सोनार वापरताना दिवसा काही शे मीटर खोलीवर समुद्राचा तळ असल्यासारखा प्रतिध्वनी मिळू लागला, आणि हा ‘तळ’ रात्री वर येई. तो प्राण्यांचा थर होता; दिवसा खाली आणि रात्री वर असे त्यांचे रोजचे स्थलांतर चाललेले असते. या थरातील माशांचा जैवभार, म्हणजे एकूण वजन, १९८० साली सुमारे १ अब्ज टन मानला गेला. २०१४ साली ध्वनीच्या मोजमापांवरून तो सुमारे १० अब्ज टन असावा असे मांडले गेले. आकडा दसपट झाला आणि मासेमारीच्या वर्तुळात उत्साहाची लाट आली. पण १९६३ सालीच एरिक बार्हॅम यांनी ट्रिएस्ट या बुडयानातून डोळ्यांनी पाहून लिहून ठेवले होते की या थरात सायफोनोफोर भरपूर आहेत. अनेक सायफोनोफोरच्या माथ्यावर वायूचा बुडबुडा असतो आणि तो ध्वनीला छोट्या माशाच्या वाताशयासारखाच प्रतिसाद देतो. ही शंका हिशेबात धरून २०१९ साली जो अंदाज आला तो १.८ ते १६ अब्ज टन असा होता. पोटात जेली दिसत नाही म्हणून ती वगळली जाते, आणि सोनारवर दिसते तेव्हा तिला मासा म्हणतात.

अध्यक्षांनी आता घड्याळ माझ्याकडे वळवून ठेवले आहे. समीकरणांसाठी दहा मिनिटे उरली आहेत, म्हणून भरभर सांगते.

खुल्या समुद्रात एका छोट्या चुकीची किंमत इतकी मोठी का असते, हे जॉन रायदर यांच्या १९६९ च्या हिशेबावरून दिसते. त्यांनी खुल्या समुद्रात वनस्पतीप्लवकापासून, म्हणजे तरंगत्या सूक्ष्म वनस्पतींपासून, माशापर्यंत पाच पायऱ्या धरल्या आणि प्रत्येक पायरीवर दहा टक्के ऊर्जा पुढे जाते असे मानले. त्यामुळे सागरी क्षेत्रफळाचा नव्वद टक्के भाग व्यापणाऱ्या या प्रदेशातून वर्षाला अवघे १६ लाख टन मत्स्योत्पादन निघाले. आता दहाऐवजी पंधरा टक्के घ्या. पाच पायऱ्यांवर दीडचा गुणाकार होऊन उत्तर साडेसात पटींच्या वर जाते. एखादी पायरी जेलीने वाढवली किंवा गाळली, तर काय होईल याचा हिशेब आपण घरी करून पाहावा.

इकोपाथ ही अन्नजाळ्याचा जमाखर्च मांडणारी पद्धत जेफ्री पोलोविना यांनी १९८४ साली हवाई बेटांच्या वायव्येकडील एका प्रवाळी परिसंस्थेसाठी मांडली. तिचे मूळ समीकरण सोपे आहे: प्रत्येक गटाचे उत्पादन बरोबर भक्षकांनी खाल्लेले, मासेमारीने काढलेले, स्थलांतराने गेलेले, साठलेले आणि इतर कारणांनी मेलेले. एखाद्या गटाचे जेवढे उत्पादन होते त्याहून जास्त खाल्ले जाते असे निघाले, की प्रतिमान असंतुलित ठरते, आणि मग आहार-सारणीतले आकडे थोडे इकडेतिकडे सरकवून ते संतुलित केले जाते. माझ्या पहिल्या प्रतिमानात स्क्विडच्या बाबतीत हेच घडले आणि मीही आकडे सरकवले. संतुलनातून एवढेच सिद्ध होते की हिशेब शक्य कोटीतला आहे. तो खरा आहे की नाही, याविषयी संतुलन काहीच सांगत नाही.

व्हेझिना आणि प्लॅट यांनी १९८८ साली प्लवकांच्या अन्नजाळ्यासाठी वापरलेली रेषीय व्यस्त पद्धत मला अधिक प्रामाणिक वाटते. तिच्यात एका गटाकडून दुसऱ्याकडे जाणारे अन्नाचे प्रवाह अज्ञात असतात, समीकरणे त्यांच्याहून कमी असतात आणि म्हणून शक्य उत्तरे असंख्य निघतात. सुरुवातीला त्यांतून प्रवाहांचे आकारमान सर्वांत कमी असलेले एकच उत्तर उचलले जाई, कारण ते गणिताच्या सोयीचे होते. समुद्राने तसे काही कबूल केलेले नाही. आता संगणकाने शक्य उत्तरांच्या संपूर्ण प्रदेशात हजारो नमुने घेता येतात. म्हणून ‘अनोळखी’ ओळ वाटून टाकू नये. तिला स्वतंत्र भक्ष्य-गट म्हणून ठेवावे, तिच्यातील जेलीचा अंश शून्यापासून पूर्ण एकपर्यंत बदलू द्यावा आणि नायट्रोजनच्या समस्थानिकांचे, म्हणजे त्याच्या हलक्या व जड अणूंच्या प्रमाणाचे, बंधन त्यावर घालावे, कारण अन्नसाखळीच्या दर पायरीला जड नायट्रोजनचे प्रमाण सरासरी ३.४ सहस्रांशांनी वाढते आणि हा पुरावा जठर रिकामे असले तरी स्नायूत शिल्लक राहतो.

माझ्या जुन्या तक्त्यावर मी हे करून पाहिले. लँटर्नफिशकडून वर जाणाऱ्या प्रवाहाचा पट्टा इतका रुंद आला की एका परीक्षकाने ‘निष्कर्ष फारच मोघम’ असा शेरा मारून लेख परत पाठवला. जुन्या, वाटणी केलेल्या तक्त्यावरचे उत्तर एकाच आकड्याचे होते आणि ते कोणाला मोघम वाटले नव्हते. चार हजार मीटर खोलीवरच्या तळाकडे जाणाऱ्या अन्नाचा भाग राहिलाच. त्याची चित्रे माझ्याजवळ आहेत, ती प्रश्नोत्तरांत कोणी विचारले तर दाखवते.