ओढ्यात गेलेली फोर्ड आणि होम्स घराणं

1916 साल. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातलं चॅटानूगा शहर. तिथे अर्नेस्ट होम्स नावाचा एक गॅरेजवाला होता, त्याला एकदा शिकवलेले जॉन वायली सर, त्यांची मॉडेल टी फोर्ड चिकमॉगा ओढ्यात गेली आणि सरांनी होम्सला बोलावलं. होम्स सहा माणसं घेऊन गेला, दोर होते, पुल्या होत्या, आणि तेवढ्याने ती गाडी बाहेर काढायला आठ तास लागले. मॉडेल टी म्हणजे आजच्या अगदी छोट्या कारइतक्याच वजनाची गाडी बरं का, तरी आठ तास.

त्यानंतर होम्स गॅरेजमध्ये कामाला लागला. 1913 च्या एका कॅडिलॅकवर त्याने तीन खांब उभे केले, वर पुली बसवली, तिच्यातून साखळी सोडली. गाडी ओढणारी गाडी तयार झाली, पण जड ओझं लावल्यावर ती स्वतःच जागेवर ठरेना, कारण तुम्ही जितक्या जोराने ओढता तितक्याच जोराने ते ओझं तुम्हाला ओढतं, आणि खाली चार चाकं सोडली तर धरून ठेवायला काहीच नाही. मग त्याने दोन्ही बाजूंना जमिनीवर टेकणारे पाय दिले. बोरघाटात किंवा कसाऱ्यात पलटी झालेला ट्रक काढताना तुम्ही क्रेन बघितली असेल ना, आधी तिचे पाय बाहेर येतात, त्यांच्याखाली लाकडी ठोकळे टाकतात आणि मगच हुक खाली जातो, तर त्या पायांमागचं तत्त्व हेच.

आता धंद्याची गोष्ट, आणि मला यातली सगळ्यात महत्त्वाची वाटते ती किंमत. होम्सने विकायला काढलेलं पहिलं मॉडेल होतं 680, किंमत 680 डॉलर. त्या काळात याच्यापेक्षा कमी पैशात नवीकोरी फोर्ड मिळत होती, मग बापलेक मिळून चालवतात अशा गॅरेजवाल्याला एवढं महाग सामान कसं परवडणार? खप फारसा झाला नाही. होम्सने डिझाईन पुन्हा हातात घेतलं, जे नको ते काढलं आणि मॉडेल 485 आणलं, किंमत 485 डॉलर. आणि हे चाललं. चाललं म्हणजे याच मॉडेलने कंपनी उभी राहिली.

अजून एक गोष्ट बघा, होम्स ट्रक विकत नव्हता. तो विकायचा ते फक्त वरचं सामान, म्हणजे बूम (ओझं उचलणारा लांब दांडा), विंच (दोर गुंडाळून ओढणारं यंत्र), दोर, हुक, खालची गाडी ज्याची त्याने आणायची. आणि गॅरेजवाले आणायचे काय, तर श्रीमंतांनी वापरून टाकलेल्या जुन्या मोठ्या गाड्या, कॅडिलॅक, पॅकार्ड, लोकोमोबाईल, कारण त्यांची चेसिस दणकट असायची आणि जुन्या झाल्यावर त्या स्वस्तात मिळायच्या. मागची बॉडी कापायची, तिथे होम्सचं सामान बसवायचं, झाली रेकर, म्हणजे अडकलेली गाडी ओढून काढणारी गाडी, तयार. चॅटानूगाच्या संग्रहालयात 1913 ची एक लोकोमोबाईल ठेवलीय, तिच्यावर होम्स 485 बसवलेलं आहे, पुढून राजेशाही मोटार आणि मागून ओढकाम करणारं यंत्र.

485 ची खरी करामत मात्र बूममध्ये होती. एक बूम नाही, दोन, आणि दोन्ही वेगवेगळे फिरणारे. गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूला खड्ड्यात गेलीय असं समजा, तर एक बूम डावीकडे फिरवून तिला हुक लावायचा, दुसरा उजवीकडे फिरवून त्याचा दोर एखाद्या भक्कम झाडाला बांधायचा. आता रेकर उलटत नाही, कारण दुसऱ्या बाजूने झाड तिला धरून आहे. आणि रस्त्यात आडवं उभं राहायची गरज नाही, कडेला सरळ उभं राहूनच बाजूची गाडी ओढता येते, मागची वाहतूक चालू राहते. रात्री अरुंद रस्त्यावर काम करणाऱ्या माणसासाठी हे किती मोठं होतं ते ज्याने असं काम केलंय त्यालाच विचारा. मला या सगळ्या कहाणीत हाच भाग सर्वात जास्त आवडतो, कारण इथे कळतं की यंत्र बनवणारा माणूस स्वतः ओढ्यात उतरलेला होता.

मग दुसरं महायुद्ध आलं. रणगाडे, ट्रक, जीप, सगळं चिखलात रुतायचं, आणि रुतलेलं काढल्याशिवाय पुढचा ताफा हलायचा नाही. डायमंड टी कंपनीच्या सहाचाकी ड्राइव्हच्या ट्रकवर होम्सचं डब्ल्यू-45 बसवून लष्करी रेकर तयार झाल्या, सहा हजारांहून जास्त, दोन बूम, प्रत्येकी पाच टन पेलणारा. ओढ्यातल्या एका फोर्डपासून तिशीच्या आत हे घराणं इथवर पोचलं.

वडिलांनंतर मुलगा आला, तोही अर्नेस्ट, ज्युनियर. महामार्ग वाढले, ट्रक लांब आणि जड झाले, तसे रेकरही मोठे होत गेले. गावोगावचे टोइंगवाले, म्हणजे बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारे, होम्स घेऊनच धंदा सुरू करायचे, म्हणजे एका घराच्या धंद्यावर इतर कितीतरी घरांचे धंदे उभे राहिले.

1973 ला होम्स कुटुंबाने कंपनी डोव्हर कॉर्पोरेशनला विकली. आता इथे गोष्ट संपायला हवी होती, पण घरातला नातू, जेराल्ड होम्स, लगेच दुसऱ्याच वर्षी सेंच्युरी रेकर नावाने नवीन कंपनी काढून बसला. आणि त्याने आजोबांचीच रेकर पुन्हा बनवली का, तर नाही, तो हायड्रॉलिककडे गेला. साखळ्या, गिअर आणि दोरांनी उचलणारी यंत्रं जाऊन तेलाच्या दाबाने उचलणारी आली, लिव्हर दाबला की बूम वर, हात आणि पाठ दोन्ही वाचले. आडनाव होम्स आणि स्पर्धा होम्सशी, विचार करा घरातल्या जेवणाच्या टेबलावर काय वातावरण असेल.

चॅटानूगामध्ये 1995 ला टोइंगचं संग्रहालय उघडलं आणि 2006 ला तिथे एक भिंत उभारली, रस्त्यावर गाडी काढताना जीव गेलेल्या टोइंगवाल्यांच्या नावांची. दरवर्षी तिच्यावर नवी नावं चढतात. बहुतेक वेळा कारण एकच असतं, बाजूने येणारी गाडी वेग कमी करत नाही. अमेरिकेच्या 50 च्या 50 राज्यांत कायदा आहे की दिवे लावून कडेला उभी असलेली मदतीची गाडी दिसली तर लेन बदला नाहीतर वेग कमी करा, बहुतेक ठिकाणी टोइंगच्या गाड्याही त्यात येतात, तरीही नावं वाढतातच. आपल्या एक्सप्रेसवेवर क्रेनवाला वाकून हुक लावत असतो तेव्हा त्याच्याजवळून गाड्या कशा जातात ते तुम्ही पाहिलंच असेल, प्लीज, तिथे वेग कमी करा.

आता कंपनीचं काय झालं ते. 1990 मध्ये मिलर नावाच्या कंपनीने होम्स विकत घेतली, आणि त्याच सुमारास सेंच्युरीही. आजोबांची कंपनी आणि नातवाची कंपनी, जी दोन नावं साधारण सोळा वर्षं एकमेकांसमोर उभी होती, ती एका छताखाली आली. 1996 ला इंग्लंडची बोनिफेस आणि फ्रान्सची जिगे या कंपन्याही मिलरने घेतल्या. मिलरचं मुख्यालय आजही चॅटानूगाजवळ ऊल्टवाह इथेच आहे, आणि होम्स व सेंच्युरी ही दोन्ही नावं आजही रेकरवर छापून येतात.