मारुती कुठपर्यंत बुडाला?

नमस्कार श्रोतेहो. पावसाळ्यात आपण नाशिककर एकमेकांना विचारतो, गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पाणी किती आलं? उत्तर क्युसेकमध्ये येत नाही. नदीपात्रात उभ्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीला आलं. 2008च्या महापुरात ते त्याच्या डोक्यावरून गेलं.

आमचं घर पंचवटीत, जुन्या वाड्यात. मी आठ वर्षांची होते. धाकट्या भावानं माझ्या नकाशावर शाई सांडली. रात्री जागून रंगवलेला नकाशा! मी पितळी फुलपात्र उचललं, त्याच्या डोक्यात घालायलाच. आजी चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. ती उठली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "मारुती कुठपर्यंत बुडाला?"

"नाकापर्यंत!" मी किंचाळले.

"मग पायरीवर बस. पाणी उतरलं की सांग."

मी फुलपात्र हातात धरूनच बसले. आत थप थप, थप थप. एक भाकरी टम्म फुगली. आजीनं विचारलं, "आता?" मी म्हटलं, "गळ्यापर्यंत." तिसऱ्या भाकरीला पाणी कमरेवर आलं आणि मला रडू फुटलं. तेव्हा तिनं पिठाच्या हातानंच मला जवळ घेतलं. "आता सांग, काय झालं?" मग भावाला नवा कागद आणायला पिटाळलं. राग वाईट, असं ती कधीच म्हणाली नाही. म्हणायची, "गंगापूर धरणाची दारं उघडावीच लागतात गं. पण आधी भोंगा वाजवून, आणि थोडी थोडी."

श्रोतेहो, आजीनं दोन गोष्टी शिकवल्या. भावना मोजायची, आणि थांबायचं. पुन्हा सांगते, मोजायची आणि थांबायचं. भावनेला नाव दिलं की मेंदूतला अमिग्डाला हा भाग शांत होऊ लागतो, हे 2007 साली मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन यांच्या प्रयोगात दिसलं. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात 1972-73 साली जन्मलेल्या 1,037 मुलांचा माग संशोधकांनी वर्षानुवर्षं ठेवला. लहानपणी ज्यांना स्वतःला आवरता येत होतं, त्यांची तब्येत आणि पैशाची घडी बत्तिसाव्या वर्षी सरासरीनं चांगली होती. आणि ज्यांना हे थोडं उशिरा जमलं, त्यांचंही पुढे बरं झालं. म्हणून आईबाबांनो, उशीर झाला असं समजू नका. मात्र मूल रडलं की हातात मोबाईल देऊ नका. पाणी किती चढलंय, हे त्याला कळणार कधी?

गेल्या वर्षी वडील अतिदक्षता विभागात होते. रात्री दोन वाजता काउंटरवरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "आधी पैसे भरा." माझी मूठ काचेवर आपटणारच होती. पण कानात थप थप सुरू झालं. गळ्यापर्यंत, मी स्वतःशी म्हटलं. बाकड्यावर जाऊन बसले. मग उठले आणि हळू आवाजात विचारलं, "दादा, सकाळी बँक उघडेपर्यंत थांबाल का?" त्यानं मान वर केली.

परवा माझी पाच वर्षांची नात खेळणं फेकून दाराआड जाऊन बसली. मी काही विचारायच्या आधीच आतून आवाज आला, "आजी, अजून छातीपर्यंत आहे. तू भाकरी कर."