शेजारच्या सीटवरून सुरुवात

(मनमाड येथे ट्रकचालक आणि वाहतूकदार यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मला विषय दिलाय, कमी अनुभवावर टँकरचा ड्रायव्हर कसं व्हावं. लायसन, कोर्स, नोकरी, सगळं सांगतो. पण आज मालक मंडळी समोर बसली आहेत, तेव्हा मनातलं एक आधी बोलून घेतो.

पानेवाडीच्या तेल डेपोंबाहेरची टँकरची रांग आपण रोज बघतो. एखादा पोरगा तिथं काम मागायला गेला की पहिला प्रश्न येतो, टँकरचा अनुभव किती? त्याच्याकडे हेवी लायसन असतं. लासलगावचा कांदा त्यानं वाशीला पोचवलेला असतो. त्याला सांगतात, कांदा वेगळा आणि पेट्रोल वेगळं. बोलणं खरंच आहे. कांदा भरला तिथंच बसतो, तेल बसत नाही. पण मग त्या पोरानं अनुभव घ्यायचा कुठं? पूर्वी याचं उत्तर होतं क्लीनरची सीट. वर्ष-दोन वर्षं शेजारी बसायचं, टायर ठोकून बघायचे, टाकीतलं तेल मोजायचा डिप रॉड धरायचा, उस्तादाचा पाय ब्रेकवर कधी जातो ते बघायचं. आता खर्च वाचवायला कित्येक गाड्यांवर ती सीट रिकामी ठेवतात आणि वर तक्रार करतात की चांगले ड्रायव्हर मिळत नाहीत. मला याचा राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

त्या सीटवर काय मिळतं ते सांगतो. दुष्काळाचं साल होतं आणि आम्ही येवल्याकडच्या गावांना पाणी पोचवत होतो. दहा हजार लिटरची टाकी. एका गावच्या विहिरीत निम्मं पाणी सोडलं, निम्मं पुढच्या गावाचं. म्हणजे पाच टन पाणी टाकीत मोकळं. मधे सपाट माळ लागला तिथं उस्तादांनी गाडी उभी केली आणि मला म्हणाले, "बस इकडं. थोडा वेग घे, ब्रेक मारून गाडी थांबव, न्यूट्रल कर आणि पाय उचल." मी तसं केलं. गाडी थांबली. क्षणभर काहीच नाही. मग मागून धप्प आवाज आला आणि उतार नसताना गाडी पुढं सरकली. मी घाबरून पुन्हा ब्रेक दाबला. उस्ताद पोट धरून हसले. म्हणाले, "तू थांबलास रे, पाणी कुठं थांबलंय?"

संध्याकाळपर्यंत त्यांनी मला तेच करायला लावलं. कधी जोरात, कधी हळू. शेवटी पाण्याचा धक्का यायच्या आधीच तो पाठीला कळायला लागला. पुढच्या गावच्या बायका हंडे घेऊन वाट बघत होत्या आणि उशीर झाला म्हणून त्यांनी आम्हा दोघांना जे सुनावलं, ते इथं सांगत नाही!

त्या टाकीत आत आडवे पत्रे नव्हते. दुधाच्या टँकरलाही बहुधा नसतात, कारण कोपऱ्यात दूध साचलं की टाकी नीट धुता येत नाही. पेट्रोलच्या टँकरला कप्पे असतात, म्हणून धक्का कमी बसतो. पण नव्या पोरांनो, इथं कान द्या. आडवे पत्रे मागे-पुढे धावणारं तेल अडवतात, डावी-उजवीकडे जाणारं नाही. टाकी उंच, तिचं वजनही उंचावर. म्हणून कसाऱ्याच्या वळणात वेग कमी करायचा तो वळणात शिरण्याआधी, आत शिरून नाही. पहिल्या पंपावर एक कप्पा रिकामा केला की गाडीचा तोल बदलतो, हे डोक्यात ठेवूनच पुढं निघायचं. म्हणून मी म्हणतो, सुरुवात पाण्याच्या टँकरवर करा. मग दूध, मग डिझेल-पेट्रोल. गॅस सगळ्यात शेवटी.

अपघातात माणूस दगावला आणि ड्रायव्हर न कळवता पळाला, तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा असं नव्या कायद्यात आलं, त्याबद्दल घरची माणसं मला विचारतात. जानेवारी 2024 मध्ये याच कलमावरून पानेवाडीत चाकं थांबली होती. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली, तेव्हा 106 कलमाचं ते दुसरं उपकलम लागू न करता बाजूला ठेवलं गेलं. तरी माझं सांगणं एकच, अपघात झाला तर पळू नका. जमाव अंगावर येत असेल तर सुरक्षित जागी जा, पण 112 ला फोन लगेच करा.

चिठ्ठी आली, वेळ संपत आलाय. आता भरभर सांगतो.

वाहतुकीच्या गाडीच्या लायसनला वय 20 पूर्ण लागतं आणि शिकाऊ लायसनच्या आधी हलक्या वाहनाचं लायसन किमान एक वर्षाचं हवं. धोकादायक माल न्यायचा तर वेगळं प्रशिक्षण, तीन दिवसांचं, आणि त्याचं प्रमाणपत्र. एक भारतीय भाषा आणि इंग्रजी वाचता-लिहिता आली पाहिजे, असा नियमच आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर धोकादायक मालाचं हे लायसन तीन वर्षं चालतं. नूतनीकरणाला एक दिवसाचा उजळणी वर्ग. प्रमाणपत्र विकत देणाऱ्याच्या दारात जाऊ नका, त्या तीन दिवसांत आग विझवायला शिकवतात.

टँकरच्या पाटीवरचे आकडे पाठ करा. 1203 पेट्रोल, 1202 डिझेल, 1075 एलपीजी. अपघात झाला की अग्निशमनवाले आधी तोच आकडा बघतात. माल उतरवताना पहिलं अर्थिंग, म्हणजे टँकर तारेनं जमिनीशी जोडायचा, मग पाइप. रिकामा पेट्रोल टँकर निर्धास्तपणे हाताळू नका. आत वाफ असते, ती हवेपेक्षा जड असते, आणि हवेत शेकडा दीड ते साडेसात भाग असली की ठिणगीनं पेटते. मोबाइल केबिनमध्ये, बंद.

पगाराचं बोलायचं राहिलं, ते चहाला बोलू. मालकांनो, तुमच्यापैकी जे एका पोराला वर्षभर पगार देऊन शेजारी बसवायला तयार असतील, त्यांनी आत्ता हात वर करा. पोरं मागच्या रांगेत बसली आहेत, नावं लिहून घ्यायला वही माझ्याकडे आहे.