सोन्याची पिन आणि एक ऱ्हस्व अ

नमस्कार श्रोतेहो. जवळ टेबल असेल तर बोटांनी ठेका धरा. मी लॅटिनमधली एक ओळ म्हणतो.

क्वद्रुपेदन्ते पुत्रेम् सोनितू क्वतित् उङ्गुल कम्पुम्.

रोमन कवी व्हर्जिलच्या ‘एनिड’ या महाकाव्याच्या आठव्या सर्गातली ही ओळ. टापांच्या आवाजाने भुसभुशीत मैदान हादरतंय. पहिल्या शब्दात ‘चार’ आहे आणि ‘पाय’ आहे, म्हणजे आपलं ‘चौखूर’च. ठेका कसा पडला? गुरू लघू लघू, गुरू लघू लघू. शाळेत वृत्तं शिकलेल्यांनी ओळखलं असेल, हा आपला भगण. भास्कर, भास्कर, भास्कर.

एका ओळीत असे सहा तुकडे. पहिल्या चारांत भगणाऐवजी दोन गुरू चालतात, पाचवा बहुधा भगणच, सहाव्यात दोनच अक्षरं आणि शेवटचं अक्षर, आपल्याकडच्यासारखंच, गुरू धरायचं. अक्षरांची संख्या बदलते, मात्रा मात्र चोविसाच्या चोवीस. म्हणून हे वृत्त मला शार्दूलविक्रीडितापेक्षा आपल्या मात्रावृत्तांच्या जवळचं वाटतं. याच आठव्या सर्गात सिसिलीजवळच्या व्हल्कानिया बेटाच्या पोटात एकडोळे सायक्लोप ऐरणीवर घण घालतात. तिथे पहिले चारही तुकडे दोन-दोन गुरूंचे. ओळ जड होते, घण उचलायला वेळ लागतो.

पण नाद जुळवणं हे झालं सोपं काम. मला आज बोलायचंय ते चौथ्या सर्गातल्या एका ओळीवर. कार्थेजची राणी डायडो शिकारीला निघाली आहे.

औरेअ पुर्पुरेअम् सुब्नेक्तित् फीबुल वेस्तेम्.

शब्दांचा क्रम तसाच ठेवून मराठीत आणतो: सोन्याची, जांभळं, बांधते, पिन, वस्त्र. विशेषणं आधी, नामं नंतर, मधोमध क्रियापद. विस्कटलेलं वाटतं, पण ‘सोन्याची’ स्त्रीलिंगी म्हणून पिनेकडे जाते, ‘जांभळं’ नपुंसकलिंगी म्हणून वस्त्राकडे. लॅटिनमध्ये हेच काम लिंग आणि विभक्ती मिळून करतात. (फीबुल म्हणजे वस्त्र अडकवायची पिन. पायाच्या हाडाला डॉक्टर फिब्युला म्हणतात, तो हाच शब्द.)

आता खरी गंमत. आपण दिन आणि दीन वेगळे लिहितो. रोमन लिपीत अ आणि आ यांना अक्षर एकच. त्यामुळे नुसतं लिहिलेलं पाहून ‘औरेअ फीबुल’ अशी प्रथमा वाचायची की ‘औरेआ फीबुला’ अशी तृतीयेच्या अर्थाची विभक्ती, हे कळत नाही. व्याकरणाला दोन्ही चालतात. एक अर्थ: सोन्याची पिन वस्त्र बांधते. दुसरा: ती, म्हणजे राणी, सोन्याच्या पिनेने वस्त्र बांधते. मी पहिल्यांदा दुसराच अर्थ लावला होता, आणि मोठ्या आत्मविश्वासाने!

ठेका धरून पाहा. ‘औ’ गुरू. मग ‘रे’ लघू. हो, लॅटिनमध्ये ए आणि ओ ऱ्हस्वही असतात. आता ‘अ’ दीर्घ धरला तर गुरू-लघू-गुरू होतं, आणि ते या वृत्तात बसतच नाही. ‘फीबुल’चंही तसंच, पाचवा तुकडा भगणच हवा. म्हणजे दोन्ही अ ऱ्हस्व, दोन्ही प्रथमा. बांधते ती पिन.

मग आधीची ओळ पुन्हा वाचावीशी वाटते. तिचा बाणांचा भाता सोन्याचा, तिचे केस सोन्यात बांधले जातात. तिथेही क्रियापद कर्मणी, राणी कर्ता नाही. दोन ओळींत तीनदा सोनं आलं, आणि डायडोने स्वतः काहीच केलेलं नाही. भाता, केस, पिन, सगळं तिच्याभोवती आपसूक बांधलं जातंय. थोड्याच वेळात वादळ येणार आहे, आणि ती महाकाव्याचा नायक एनियस याच्यासोबत एकाच गुहेत शिरणार आहे.