दुसरी फळी कशी घडते : स्कालोनींचा अर्जेंटिना

श्रोतेहो, फुटबॉल क्लबच्या प्रशिक्षकाला एखादी जागा कच्ची वाटली तर तो खेळाडू विकत आणतो. आपल्या कोल्हापुरातले तालीम संघही हंगामापुरते परगावचे खेळाडू आणतात. राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाला ही सोय नाही. त्याचे खेळाडू वर्षभर क्लबांच्या ताब्यात असतात आणि सामन्यांच्या निमित्ताने मोजके दिवस हाती येतात. तेवढ्या अवधीत डावपेच शिकवायचे, नवा माणूस पारखायचा आणि सामनाही जिंकायचा, म्हणून दुसरी फळी स्पर्धेच्या तोंडावर नव्हे, तर चार वर्षे आधी उभारावी लागते.

2018च्या विश्वचषकात अर्जेंटिनाचा फ्रान्सकडून 4-3 असा पराभव झाल्यावर प्रशिक्षक सांपाओली गेले आणि त्यांचे सहायक लिओनेल स्कालोनी हंगामी प्रशिक्षक झाले. वरिष्ठ संघाचे मुख्य प्रशिक्षकपद त्यांनी पूर्वी कधी सांभाळले नव्हते. त्या वर्षी मेसी पुन्हा राष्ट्रीय संघाकडून खेळला नाही, आणि मला वाटते हेच त्यांच्या पथ्यावर पडले. मैत्रीपूर्ण सामन्यांत त्यांनी दे पॉलसारख्या नवोदितांना मैदानात उतरवले आणि मेसी परतण्यापूर्वीच त्याच्याभोवती कोण शोभेल याचा अंदाज घेतला. कधी निवड योगायोगानेही होते. जून 2021मध्ये गोलरक्षक अरमानी कोरोनामुळे खेळू शकला नाही, म्हणून एमिलियानो मार्टिनेसला चिलीविरुद्ध पदार्पण मिळाले. पुढच्याच महिन्यात कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकी देशांच्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत त्याने शूटआउटमध्ये, म्हणजे बरोबरीनंतर निकालासाठी मारल्या जाणाऱ्या पेनल्टींत, कोलंबियाच्या तीन पेनल्टी अडवल्या.

खरी परीक्षा 2022च्या विश्वचषकात कतारला झाली. मधल्या फळीचा आधार असलेला लो सेल्सो दुखापतीमुळे स्पर्धेपूर्वीच बाहेर पडला होता, आणि 36 सामने अपराजित राहिलेला संघ पहिल्याच सामन्यात सौदी अरेबियाकडून 2-1 असा हरला. अशा वेळी बहुतेक प्रशिक्षक जुन्या माणसांना आणखी एक संधी देतात. स्कालोनींनी मेक्सिकोविरुद्ध पाच बदल केले. पारेदेसला बसवले, मॅक ॲलिस्टरला आत घेतले. राखीव म्हणून उतरलेल्या एन्सो फर्नांडेसने त्या सामन्यात गोल केला, आणि पोलंडविरुद्ध तो व हुलियान आल्वारेस दोघेही पहिल्या अकरांत आले. एन्सोचे पदार्पण अवघे दोन महिन्यांपूर्वीचे होते! आल्वारेससाठी जागा सोडावी लागली ती लाउतारो मार्टिनेसला.

वगळलेला माणूस संघात मनाने टिकवणे हे निवडीपेक्षाही अवघड काम आहे, असे माझे मत आहे. 26 जणांच्या संघात पंधरा जण रोज बाकावरून सुरुवात करतात, आणि त्यांच्यात कुरबुर सुरू झाली की ती मैदानावर पोहोचायला वेळ लागत नाही. इथे तसे झाले नाही. उपांत्यपूर्व फेरीत नेदरलँड्सविरुद्ध निर्णायक पेनल्टी मारली ती लाउतारोनेच. फ्रान्सविरुद्धच्या अंतिम सामन्याच्या शूटआउटमध्ये अर्जेंटिनाच्या चारही पेनल्टी गोलात गेल्या. त्यांतली मेसीची सोडली तर बाकी तिन्ही मारणारे, म्हणजे दिबाला, पारेदेस आणि मोन्तिएल, सामन्याच्या आरंभी बाकावर होते. मोन्तिएलला तर उपांत्य सामना निलंबनामुळे मुकावा लागला होता, आणि अंतिम सामन्याच्या जादा वेळेत चेंडू त्याच्याच हाताला लागल्यामुळे फ्रान्सला बरोबरीची पेनल्टी मिळाली होती. तरीही चौथी पेनल्टी त्याच्याकडेच सोपवली गेली.