तारा, जबडा आणि भूल

नमस्कार श्रोतेहो. मी भूलतज्ज्ञ आहे. आमची नि पेशंटची ओळख जेमतेम दहा मिनिटांची, मग तो झोपलेला. तेव्हा जे बोलायचं राहून जातं, ते आज बोलून घेते.

खालचा जबडा पुढे आलेली मुलं तुम्ही पाहिली असतील. पोळीचा घास पुढच्या दातांनी तुटत नाही, फोटोत ओठ मिटलेले. मूल आठ-नऊ वर्षांचं असताना आणलं, तर वरचा जबडा पुढे ओढणारं साधन लावून बघता येतं. सतराव्या वर्षी आलं की मात्र विचार करावा लागतो. नुसत्या तारा लावून दात तिरके करायचे आणि फरक झाकायचा, हा एक मार्ग. जबडा असतो तिथेच राहतो. फरक थोडा असेल तर तेवढ्यावर थांबावं, असं माझं मत. जास्त असेल तर जबड्याचं ऑपरेशन, आणि तेही वाढ थांबल्यावर. मुलींची साधारण सोळाच्या पुढे थांबते, मुलांची अठराच्या पुढे. लग्न ठरायच्या आत उरकून टाका, असा आग्रह होतो. पण घाई केली आणि खालचा जबडा पुन्हा वाढला, की मुसळ केरात.

आता खरी अडचण. ऑपरेशनआधी वर्ष-दीड वर्ष तारा असतात, आणि तेवढ्यात चेहरा आणखीच विचित्र दिसायला लागतो. एका आईने माझ्यापुढे मोबाइलमधले दोन फोटो धरले, आधीचा आणि आत्ताचा. म्हणाली, "मॅडम, पैसे मोजून आम्ही हे घेतलं का?" तिचं चुकलं नव्हतं. जबडे जुळत नाहीत म्हणून दात आपले आपणच वाकून एकमेकांना गाठायला बघतात, वरचे बाहेर, खालचे आत. तारांनी ते आपापल्या हाडावर सरळ उभे केले, की झाकलेला फरक पुरता उघडा पडतो. तो उघडा पडला तरच सर्जनला हाड हवं तेवढं सरकवता येतं. हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. आम्ही डॉक्टर लोक इथे कमी पडतो.

मग माझी पाळी येते. एरवी श्वासाची नळी तोंडातून घालतात. इथे सर्जनला मधूनमधून दातांवर दात बसवून बघायचे असतात, म्हणून नळी नाकातून. तेव्हा "कुठली नाकपुडी चोंदते?" हा माझा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. हलणारा दात, सुटत आलेला तारेचा तुकडा, तेही सांगा. सुटलेला तुकडा श्वासनळीत गेला, तर दाताचं काम फुप्फुसाचं होतं.

दातांचा नि भुलेचा संबंध तसा जुनाच. 16 ऑक्टोबर 1846 रोजी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ईथर देऊन दाखवणारा विल्यम मॉर्टन दंतवैद्यच होता. कवळी बसवण्याआधी जुनी खुंटं उपटावी लागत आणि लोक त्या दुखण्यालाच भीत, तिथून तो ईथरपाशी आला.

राहिला उपाशीपोटीचा मुद्दा. साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं. हलकं खाणं 6 तास आधी, तळलेलं 8 तास आधी. दुधाचा चहा पाण्यात मोजू नका, तो खाण्यात धरतात. आजी पहाटे पाच वाजता मायेने अर्धा कप देते आणि नऊचं ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं. पेशंट चिडतो, सर्जन चिडतो. मी ढकलतेच. भुलेत पोटातलं वर आलं, तर ते फुप्फुसात उतरू शकतं.

या ऑपरेशननंतर तर वरचे-खालचे दात बऱ्याचदा रबराने किंवा तारेने एकमेकांना बांधलेले असतात. उलटीला वाट हवी, म्हणून उशाशी कात्री नाहीतर तारकटर ठेवतात. एकदा राउंडला गेले तर ती कात्री जागेवर नाही. पेशंटच्या मावशींनी पलंग नीटनेटका करताना तिची रवानगी कपाटात केली होती, कुलूप लावून. अंथरुणात कात्री बरी नव्हे, म्हणाल्या. मी किल्ली मागून घेतली आणि ती कात्री खाटेच्या दांडीला पट्टीने बांधली.