नवीन हार्ड डिस्क बसवली, पण दिसतच नाही? आधी बायोस उघडा

[स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू]

नमस्कार मंडळी. हा स्क्रीन बघा. 'धिस पीसी' उघडलंय आणि इथे एकटा सी ड्राइव्ह बसलाय. ४ टीबीची कोरी हार्ड डिस्क कॅबिनेटमध्ये आहे, स्क्रू घट्ट आहेत, पण विंडोजला तिचा पत्ताच नाही.

मशीन आमच्या शेजारच्या काकांचं. नुकतंच अपग्रेड झालंय: बोर्डावरच बसणारी नवीन एनव्हीएमई एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी वेगवान डिस्क), नवा एसएमपीएस, म्हणजे सगळ्या मशीनला वीज देणारा डबा, विंडोजही नव्याने टाकलंय. आता घरातल्या लग्नामुंजीच्या व्हिडिओंसाठी ही मोठी डिस्क. दुकानदाराने फोनवरच निकाल दिला, "डेड पीस असेल, घेऊन या." अहो, जरा थांबा. बघू तरी.

विंडोजमध्ये खुडबुड करण्याआधी मशीन रीस्टार्ट करा आणि डिलीट किंवा एफ-२ दाबत बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये, शिरा. तिथल्या स्टोरेजच्या यादीत डिस्कचं नाव आहे का? एवढंच बघायचं. नाव असेल, तर केबल, पोर्ट, वीज सगळं जागेवर आहे, राहिलं ते विंडोजचं काम. नाव नसेल, तर विंडोजमध्ये कितीही डोकं आपटा, उपयोग शून्य.

नाव आहे असं धरू, कारण ते झटपट उरकतं. विंडोज आणि एक्स एकदम दाबा, डिस्क मॅनेजमेंट उघडा. कोरी डिस्क म्हणजे सातबारा नसलेली जमीन: जागा आहे, पण कुठला तुकडा कुणाचा याची नोंदच नाही. म्हणून विंडोज 'इनिशियलाइझ' करू का विचारतं. ही नोंद ठेवायच्या दोन पद्धती: नवी जीपीटी, जुनी एमबीआर. इथे जीपीटी निवडा. एमबीआर निवडलंत तर २ टीबीच्या पुढची जागा वापरताच येत नाही. ४ टीबीच्या डिस्कवर २०४८ जीबीचा एक भाग दिसेल आणि उरलेले साधारण १६७८ जीबी काळ्या पट्टीखाली, म्हणजे न वाटलेल्या जागेत, नुसते पडून राहतील. मग काळ्या पट्टीवर राइट क्लिक, न्यू सिंपल व्हॉल्यूम, फॉरमॅट विंडोजचा नेहमीचा एनटीएफएस, झालं.

एक मात्र कान देऊन ऐका. डिस्क जुनी असेल, तिच्यावर तुमचे फोटो असतील आणि विंडोज 'इनिशियलाइझ करू?' किंवा 'फॉरमॅट करू?' असं विचारत असेल, तर सरळ कॅन्सल. आधी डेटा बाहेर काढायचा, बाकी सगळं नंतर.

[कॅमेरा कॅबिनेटच्या आत]

आता काकांचं मशीन. बायोसमध्येही डिस्क नाही. मशीन बंद, मागचं बटण बंद, प्लग बाहेर, मगच झाकण उघडायचं. डिस्कला दोन केबल असतात: ७ पिनांची अरुंद ती डेटाची, १५ पिनांची रुंद ती विजेची. दोन्ही काढून पुन्हा नीट बसवल्या. मशीन सुरू करून डिस्कच्या कडेला बोट टेकवलं, तर हलकी थरथर लागते. म्हणजे वीज पोहोचतेय, डिस्क फिरतेय. मेलेली नाही.

डेटा केबल बदलून पाहिली, तरी तेच. मग बोर्डाचं मॅन्युअल उघडलं, आणि चोर तिथे सापडला. हे बघा, बारीक अक्षरातली टीप: दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये (बोर्डावरची एसएसडीची खाच) एसएसडी बसवली की साटा ५ आणि साटा ६ बंद. साटा म्हणजे डिस्कची डेटा केबल जिथे लागते ते पोर्ट. बोर्डावरची वाहतूक सांभाळणाऱ्या चिपसेटकडे लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, मोजक्याच, म्हणून काही बोर्डांवर स्लॉट आणि पोर्ट त्याच लेन वाटून घेतात. काकांची एसएसडी नेमकी दुसऱ्या स्लॉटमध्ये आणि हार्ड डिस्क नेमकी साटा ५ वर! कुठला स्लॉट कुठला पोर्ट बंद करतो हे बोर्डागणिक बदलतं, म्हणून मॅन्युअलच उघडा, माझ्या व्हिडिओवर विसंबू नका. डेटा केबल साटा १ वर टाकली, आणि बायोसमध्ये नाव हजर.

डिस्क अजिबात फिरत नसेल, तर नजर एसएमपीएसकडे. मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या काढता येणारा, एसएमपीएस बदलताना जुन्या केबल तशाच ठेवायचा मोह होतो, कारण त्या आधीच छान बांधलेल्या असतात. असं अजिबात करू नका. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची रचना कंपनीगणिक, कधीकधी मॉडेलगणिकही वेगळी असते. प्लग बसतो, पण ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊ शकतात आणि डिस्कचं सर्किट जळतं. नव्या एसएमपीएसबरोबर आलेल्याच केबल वापरायच्या.

दुसरी गंमत सर्व्हरसाठी बनवलेल्या काही डिस्कची, किंवा एक्स्टर्नल डबीतून काढलेल्या डिस्कची. त्यांच्या वीज-कनेक्टरच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले, की त्या 'बंद राहा' असा अर्थ घेतात. जुन्या मशीनवर मस्त चालणारी डिस्क नव्या एसएमपीएसवर गप्प बसते ती यामुळे. मोलेक्स (एसएमपीएसचा जुना चार पिनांचा प्लग) ते साटा अडॅप्टर लावला की ३.३ व्होल्ट पोहोचतच नाहीत आणि ती चालू होते. पण प्लॅस्टिक ओतून सील केलेला स्वस्तातला अडॅप्टर नको, तसले तापून जळतात.

बोर्ड अगदी जुना, २०११च्या सुरुवातीचा असेल, तर आणखी एक शक्यता. इंटेलच्या ६ सिरीज चिपसेटच्या पहिल्या खेपेत ३ जीबीपीएसचे साटा पोर्ट कालांतराने बिघडायचे, हे इंटेलनेच जानेवारी २०११ मध्ये जाहीर केलं होतं. ६ जीबीपीएसचे दोन पोर्ट त्यातून सुटले होते, डिस्क तिथे लावा.

[परत स्क्रीन]

काकांची डिस्क आता ३.६३ टीबी दिसतेय. काका म्हणाले, "उरलेलं कुठे गेलं?" कुठेच नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या.

व्हिडिओ कॉपी करायच्या आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून 'पॉवर ऑन अवर्स', म्हणजे डिस्क किती तास चालली, ते बघा. कोऱ्या डिस्कवर हा आकडा शून्याच्या आसपासच हवा. तो हजारांत निघाला, तर डिस्क वापरलेली आहे. मग मात्र बिल घ्या आणि खरोखरच दुकानात जा.